घरातले दोन, चौकातले तीन

किसन साळवे नवं पुस्तक कधीही पहिल्या पानापासून उघडत नसत. पुस्तक टेबलावर पाठीच्या कण्यावर उभं धरायचे. आधी पुढचा पुठ्ठा आडवा करायचे, मग मागचा. मग पुढची दहाबारा पानं, मागची दहाबारा पानं, पुन्हा पुढची, असं करत करत मधोमध यायचे आणि दर वेळी शिवणीजवळ अंगठ्यानं हलकेच दाबायचे. "एकदम मधी फाडल्यावानी उघडलं की पुस्तकाची कंबर मोडती, सर," ते म्हणायचे. "आधी त्याला हातपाय मोकळे करू द्यावं. मंग वाचावं."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत आजही त्यांचं नाव निघतं. लोक हसून सांगतात, ते बाइंडर होते ना, पुस्तकावरून पत्त्यांचा खेळ शिकले आणि आम्हाला चुकीचा शिकवून गेले. साळव्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांच्यामागे एवढीच आठवण राहिली आहे. ती खोटी आहे. चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. आता वय अठ्ठ्याहत्तर आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

साळवे मूळचे पिशोरचे. नववीत शाळा सुटली, शहरात आले आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात बाइंडर म्हणून लागले. तिथं त्यांनी अडतीस वर्षं पुस्तकं शिवली. निवृत्त झाल्यावर घराच्या ओट्यावर पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा मांडून बसत. सुई, दोरा, घड्या दाबायची हाडाची पट्टी आणि मैद्याच्या खळीचा डबा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असल्यामुळे ती निळसर दिसायची. माझा जुना इंग्रजी शब्दकोश मी त्यांच्याकडे शिवायला दिला, तिथून आमची ओळख झाली. मी गंगापूरचा, घरची शेती, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ते मला सर म्हणत. मी त्यांना नुसतं साळवे म्हणे. वयानं ते माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान होते, पण कधी 'साळवेसाहेब' किंवा 'किसनराव' माझ्या तोंडून निघालं नाही आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही.

शब्दकोश परत द्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक पुस्तक होतं. रद्दीच्या ढिगातून आणलेलं, परदेशी छपाईचं. आधी फक्त त्याची शिवण कशी आहे ते बघायला घेतलं होतं.

"सर, ह्याच्यात काय हाय?"

मी चाळलं. पोकर नावाच्या खेळातला ओमाहा नावाचा एक प्रकार. तो कसा खेळायचा ते शिकवणारं पुस्तक.

"पत्त्यांचं पुस्तक आहे, साळवे. जुगार. तुम्हाला काय करायचंय?"

ते म्हणाले, "अडतीस साल इंग्रजी पुस्तकं शिवली. एकाच्या बी पोटात काय हाय ते कळलं नाय. ह्याच्यात पत्त्यांची चित्रं हायेत, अर्धं तर मला असंच दिसतंय. अर्धं तुम्ही सांगा. ज्याला आपण टाका घातला, ते आत काय बोलतंय ते कळाय नको का?"

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता ते माझ्याकडे येऊ लागले. मी वाचून अर्थ सांगायचा, त्यांनी वहीत लिहायचा. अक्षर मोठं, सरळ, पाटीवर काढल्यासारखं. ओमाहा हे अमेरिकेतलं एक शहर आहे असं मी सांगितलं तेव्हा त्यांना फार गंमत वाटली. "म्हंजे गावाचं नाव खेळाला? मंग पिशोर नावाचा खेळ काढला तर तिथली माणसं शिकतील का वो, सर?"

खेळ असा आहे. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते. जमिनीवर सगळ्यांसाठी उघडे पाच पत्ते, आधी तीन, मग एक, मग एक. या दोन्हींतून पाच पत्त्यांचा सगळ्यात भारी डाव जुळवायचा. इंग्रजी नावं साळव्यांना रुचेनात. त्यांनी हातातल्या पत्त्यांना 'घरातले' म्हटलं आणि जमिनीवरच्या उघड्या पत्त्यांना 'चौकातले'. नऊ पत्त्यांचा एवढा खेळ, पण घर आणि चौक म्हटल्यावर तो मलाही एकदम समजला.

आता त्या शुक्रवारबद्दल. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, चष्मा आतल्या खोलीत होता आणि दूरदर्शनवर क्रिकेटची मॅच चालू होती. साळव्यांनी पुस्तक पुढं केलं. पानाच्या मधोमध चौकटीत काही ओळी होत्या. "सर, एवढं चौकटीत छापलंय म्हंजे महत्त्वाचं असंल." मला उठायचा कंटाळा आला. तरुणपणी तीन पत्ती, रमी सगळं खेळलो होतो. पत्त्यांत काय असणार हे मला माहीतच आहे, असं वाटलं. पुस्तक जरा दूर धरलं, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "घरातले चार, चौकातले पाच. या नऊंतून कोणतेही पाच घ्या. घरातला एक घ्या, तीन घ्या, तुमची मर्जी."

"पुस्तकात असंच लिवलंय?"

"असंच."

त्यांनी ते लाल शाईनं लिहिलं आणि भोवती पट्टीनं चौकट आखली, पुस्तकात होती तशी.

खेळायला चौघे जमलो. साळवे, मी, बँकेतून निवृत्त झालेले पाठकसाहेब आणि वायरिंगची कामं करणारे रज्जाकभाई. ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत दुपारी कोणी नसायचं. साळव्यांची अट एकच, पैसा नाही. चिंचोके. कमलवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सुरुवातीला घरात पत्ते आलेले पाहून आकांत केला होता. त्या मला म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या आज्यानं दीक्षा घेतली तवा दारू सोडली, पत्ते सोडले. आन आता ह्ये म्हातारपणी पुस्तक वाचून शिकाय लागले!" साळव्यांनी वही दाखवून त्यांची समजूत घातली. "कमल, ह्यो अभ्यास हाय. पैसा दिसला की मी पुस्तक मिटतो बघ." त्यांनी ते पाळलं. एकदा पाठकांनी गमतीत दहाची नोट टाकली, तर साळव्यांनी आपले पत्ते गोळा केले आणि चिंचोके पिशवीत भरून सरळ घरी गेले.

नंतर माझ्या मुलानं मला दुसरं पुस्तक मागवून दिलं. त्यात याच खेळाचे पोटप्रकार होते. एकात हातात चाराऐवजी पाच पत्ते. दुसऱ्यात डावाची रास, म्हणजे मधे जमलेले चिंचोके, दोन ठिकाणी वाटायची, अर्धी सगळ्यात थोरल्या डावाला आणि अर्धी सगळ्यात धाकट्याला. हा प्रकार साळव्यांना फार भावला. "लहान पत्त्याला बी अर्धं मिळतं बघा! कुणी शोधला आसंल वो ह्यो?" धाकट्या डावात मात्र अठ्ठीच्या वरचा पत्ता चालत नाही आणि पाचही वेगवेगळे लागतात, नाहीतर सगळी रास थोरल्याचीच. हे कळल्यावर ते वहीवर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे लहानपण बी सिद्ध करून दाखवावं लागतं. असंच असतं. असंच असतं." रज्जाकभाई म्हणाले, "साळवेसाब, पत्ते खेल रहे के परवचन दे रहे?"

वहीचा ग्रंथ होत गेला. प्रत्येक नियमाखाली उदाहरणं. हातानं काढलेले पत्ते, बदाम आणि चौकट लाल शाईत, किलवर आणि इस्पिक काळ्या. कोणाच्या घरात काय, चौकात काय, कोण जिंकलं आणि का. तीनशेच्या वर उदाहरणं त्यांनी रचली. मी कौतुक करायचो. त्यांतलं एकही मी तपासलं नाही.

धाकट्या डावाचं प्रकरण पुढं नीट सांगता यावं म्हणून एका सकाळी मी ते दुसरं पुस्तक घेऊन बसलो. या वेळी चष्मा लावून. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की घरातले दोनच पत्ते घ्यायचे आणि चौकातले तीनच. कमी नाही, जास्त नाही. ओमाहाचा सगळा खेळ याच एका नियमावर उभा आहे. मी उठून पहिलं पुस्तक काढलं. चौकटीत तेच होतं. सहज समजावं असं, सातवीच्या मुलाला वाचता यावं असं इंग्रजी.

मी तसाच साळव्यांकडे गेलो, सांगायचं म्हणून. ते ओट्यावर होते. शिकंज्यात चार पुस्तकं दाबून ठेवलेली. वहीच्या झेरॉक्स काढून त्यांनी आम्हा चौघांसाठी चार प्रती बांधल्या होत्या. निळं कापड, कोपऱ्यांना लाल. त्यांनी शिकंजा सैल करून एक माझ्या हातात दिली. "उघडा, पर हळू." पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'ओमाहा. पुस्तकावरून समजलेला खेळ. लिहिणार, किसन नामदेव साळवे. इंग्रजीचा अर्थ सांगणार, श्री. वि. ग. देशमुख सर, एम. ए.'

"लई पुस्तकांवर दुसऱ्यांची नावं सोनेरी शाईनं टाकली, सर. माझं पहिल्यांदा आलं. तुमच्यासंगं आलं."

कमलवहिनींनी चहा आणला. मी तो प्यायलो. नवीन कापडाची चौकशी केली. घरी आलो. रस्त्यात मी स्वतःला समजावलं की चिंचोक्यांचा तर खेळ आहे, म्हाताऱ्याचा आनंद कशाला मोडायचा. खरं कारण ते नव्हतं. पानावर माझं नाव होतं आणि नावापुढं एम. ए. होतं.

दोन महिन्यांनी पाठकांचे जावई हैदराबादहून आले. ते हा खेळ कॉम्प्युटरवर खेळत. पाठकांनी मोठ्या हौसेनं त्यांना आमच्यात आणून बसवलं. साळव्यांनी आपलं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. जावयांनी ते मधूनच उघडलं, कण्याचा कट्कन आवाज आला. आम्ही पाचजण खेळायला बसलो. त्या दिवशी खोलीत इतरही सातआठ जण होते, बघत उभे.

चौकात बदामाचे चार पत्ते पडले. साळव्यांच्या घरात बदामाचा एक्का. त्यांनी पत्ते उलटे केले. "पाच बदाम, एक्क्याचा कलर. रास माझी."

जावई म्हणाले, "नाही काका. तुमच्या हातात बदाम एकच आहे. ओमाहात हातातले दोन घ्यावेच लागतात. हा कलर होत नाही."

"पुस्तकात हाय तसं."

"पुस्तकात असं असूच शकत नाही, काका." त्यांनी मोबाइलवर नियम काढला आणि मोठ्यानं वाचला. मग साळव्यांचं निळं पुस्तक चाळत म्हणाले, "अरे बापरे, ही सगळीच उदाहरणं चुकलीत."

पाठक हसले. "म्हणजे साळवे, दोन वर्षं आम्ही काय खेळलो हो? बाइंडरनं पुस्तक उलटं शिवलं!" उभी असलेली माणसंही हसली. रज्जाकभाई म्हणाले, "क्या साळवेसाब, दो साल से नकली माल चला रहे थे?" त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं. पण तिथल्या एकानंही मला विचारलं नाही, की सर, अर्थ तर तुम्ही सांगितला होता ना? पहिल्या पानावर तसं लिहिलेलं असूनही. चूक नववी झालेल्या बाइंडरची असणार, एम. ए. झालेल्या देशमुखांची नसणार, हे सगळ्यांना न बोलता ठरल्यासारखं होतं.

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं रस्ता विचारावा तसं. मी मान खाली घातली आणि सतरंजीवर सांडलेले चिंचोके वेचू लागलो.

मग त्यांचा आवाज आला. "माझ्याच डोक्यात घोळ झाला. सरांनी बरोबर सांगितलं आसंल, मी लिवताना चुकलो. इंग्रजी कच्चं हाय माझं."

आणि मी, चिंचोके वेचत, म्हणालो, "होतं असं कधी कधी, साळवे."

या वाक्याचीच मला लाज वाटते. न वाचता अर्थ सांगितला तो आळस होता. कळल्यावर गप्प बसलो ती भीती होती. पण हे तिसरं मी मोठेपणानं बोललो होतो, चुकलेल्या माणसाला माफ करावं तसं.

साळव्यांनी चारही प्रती मागून घेतल्या, माझ्याकडे राहिलेलं रद्दीतलं ते इंग्रजी पुस्तकही. "थोडं काम राहिलंय." त्यानंतर ते खोलीवर आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत, शुक्रवारी आले नाहीत. मीही गेलो नाही. चारेक महिन्यांनी एका दुपारी ते दारात उभे होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी प्रत. बरेच वाळलेले दिसत होते, बोलताना धाप लागत होती. आत या म्हटलं तर नको म्हणाले.

"दुरुस्त केलंय, सर. रद्दीतनं शब्दकोश आणून एक एक शब्द लावला. लई सोपं होतं वो." ते थोडं हसले. "एक्का घरात एकटा असला तर काय कामाचा नाय. संगं त्याच रंगाचा दुसरा लागतोच. त्यो नियम मला आवडला."

मी म्हणालो, "उन्हाचं कशाला आलात?" त्यांनी मान हलवली आणि ते हळूहळू जिना उतरून गेले. मी वरून पाहत राहिलो. हाक मारता आली असती. चारपाच महिन्यांत छातीच्या दुखण्यानं ते गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, मागच्या रांगेत चाललो.

ते पुस्तक मी वरचा कागद न सोडता कपाटात ठेवून दिलं होतं. यंदा कपाट आवरताना हाती आलं. वर्तमानपत्र काढलं आणि सवयीनं मधूनच उघडायला गेलो. मग थांबलो. टेबलावर उभं धरलं. पुढचा पुठ्ठा, मागचा पुठ्ठा. पुढची थोडी पानं, मागची थोडी. प्रत्येक उदाहरणाखाली एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर त्या मोठ्या, सरळ अक्षरात खरा निकाल. जिथं निकाल बदलत नव्हता तिथंही चिठ्ठी होती: 'इथे फरक पडत नाही.' लाल चौकटीवर नवा कागद होता. 'घरातले दोन, चौकातले तीन. आधी चुकीचे लिहिले होते. चूक लिहिणाऱ्याची.'

पुन्हा पुढं आलो तेव्हा शिवणीजवळ अंगठ्याला काहीतरी लागलं. पहिलं पान. जुनं पान त्यांनी शिवणीपासून बोटभर ठेवून कापलं होतं आणि त्या पट्टीवर नवं पान डकवलं होतं, इतकं साफ की डोळ्याला दिसू नये. नव्या पानावर होतं: 'ओमाहा. पुस्तकावरून समजलेला खेळ. लिहिणार, किसन नामदेव साळवे.' त्याखाली काही नव्हतं. चुकीच्या पुस्तकावर माझं नाव राहू नये म्हणून त्यांनी ते काढून घेतलं होतं.

त्याच दिवशी कमलवहिनींकडे गेलो. ओट्यावरचा शिकंजा तसाच होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"मला ठावं होतं, सर," त्या म्हणाल्या. "शब्दकोश लावून त्या चौकटीचा अर्थ लागला त्या दिशी ह्यांनी सांगितलं. म्हणाले, सरांनी वाचलंच नव्हतं. मी म्हणलं, जा, चौघांत सांगा. तर म्हणाले, सरांनी खाली बघितलं तवाच सांगून झालं, आता कुणाला सांगू."

"त्यांना राग आला होता?"

"चुकीचा नाय आला. चूक तर कुणाची बी हुती. तुम्ही वाट वाकडी करून एकदा बी आला नाय, त्याचं लागलं. मंगळवारी चार वाजले की सदरा घालून बसायचे. सवय. मंग काढून ठिवायचे."

उठून त्यांनी आतून ट्रंक उघडली आणि एक पाकीट आणून दिलं. त्यात कापून काढलेली चार पानं होती. चारींवर माझं नाव, एम. ए. सकट. ती त्यांनी फाडून टाकली नव्हती.

पुढच्या आठवड्यात खोलीवर जाऊन मी हे सगळं पाठक, रज्जाकभाई आणि जे कोणी होते त्यांच्यासमोर बोललो. पाठक म्हणाले, "जाऊ द्या हो सर, खेळच तो. कुठं मनाला लावून घेता?" त्यांनी किती सहज सोडून दिलं मला. साळव्यांना असं कोणी सोडलं नव्हतं. रज्जाकभाई मात्र निघताना म्हणाले, "मैं भी हँसा था, सर."

कमलवहिनींकडून मी थोडा मोरचूद मागून आणला. मैद्याची खळ स्वतः शिजवली, गुठळ्या झाल्या. साळव्यांच्या नव्या पानाला हात लावला नाही. त्याच्यापुढं मी पाकिटातल्या चारांपैकी एक जुनं पान डकवलं, आणि 'अर्थ सांगणार' याच्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'यांनी न वाचता सांगितला. चूक यांची.' वर जाड शब्दकोश ठेवला, साळव्यांनी शिवलेला तोच.

सकाळी पाहिलं तर पान तिरकं बसलं होतं आणि खळ बाहेर येऊन निळा डाग पडला होता. शिवण कळणारा कोणीही पाहील तर त्याला लगेच समजेल की हे काम साळव्यांचं नाही. ते तसंच ठेवलं आहे.